मालकांचं पिंशन

…न्हाई, न्हाई, पाट मांडू नका मला! आनि ‘बसा’ म्हनू नका, हात जोडते! बसन्यापायी आमच्या घरात शिमग्यापास्नं जे काय चाललंय ना, ते ऐकलं तर तुमीबी सगळ्या उभ्यानं जेवाल! मी आपली हितं खांबाला टेकते. बारशाच्या घुगऱ्यांचे हरबरे निवडायचेत न्हवं? आना सूप हिकडं, उभ्यानं निवडते, हात चालले म्हंजे तोंडबी चालतंय माझं…

तर तुमास्नी सांगते. तुमी बाळीच्या सासरच्या, गुंदच्या बायका, तुमच्यापास्नं काय लपवायचं? बाळी माझी धाकटी. थोरली दिली तिकडं खानापुराकडं. पोरगा न्हाई. नंदिगड्ड्याला आमी दोघंच, मालक नि मी. दारात एक म्हस, परड्यात चार फनसं, फनसावर मिरीचे येल, न् ओढ्याकडंला भाताची मळी. मालक उजाडायच्या आत मळीवर, अंधार पडला की घरात. मधला सगळा दिस घर माझं! चूल माझी, म्हस माझी, मी एकटी गाणं म्हनीन न्हाईतर भितीसंगं भांडीन, इचारनारं कोन? सुखात हुतो का न्हाई? हुतो! मंग बिघडलं कशानं? तर बसून खायचं म्हने! बसून खायचं!

ह्ये बसून खायचं आमच्या घरात आनलं माझ्याच भावानं. वासूनं. जल्मभर फारिस्टात गार्ड हुता, सुप्याला असतोय. शिमग्याला आला तर अंगात कोट, डोस्क्याला पटका, घामानं निथळतोय पन कोट काय काढंना. म्हनला, “अक्का, मी आता पिंशनीत निघालो.” मला काय ठावं? मला वाटलं, अळनावराच्या पल्याड कुठलं गाव असंल. म्हनलं, “जा बाबा, पन जेवून जा, वाटंत रान हाय.” तर हसाय लागला. “अगं अक्का, पिंशन म्हंजे गाव न्हवं. पिंशन म्हंजे काम करायचं न्हाई आनि सरकार म्हैन्याच्या म्हैन्याला देतंय. मरंस्तवर! बसून खायचं!”

मालक ओटीवर दावं वळत हुते. दावं थांबलं. मी चुलीपाशी हुते, मला दिसलं न्हाई, पन ऐकू आलं… म्हंजे दाव्याचा आवाज थांबलेला ऐकू आला! मी फुंकनी खाली ठेवली न् कान तिकडं लावला.

आनि वासू कसला, गप बसंल तर! म्हनला, “भावजी, तुमी काय सोय केलीया म्हातारपनाची?”

“सोय?” मालक म्हनले.

“व्हय. हातपाय थकले म्हंजे काय करनार?”

“थकले तर… निजनार.”

“आनि खानार काय?”

मालक दाव्याची गाठ सोडून परत माराय लागले. अहो, जल्मभर त्या मानसाला कुनी इचारलंच न्हवतं की काय खानार! पेज वाढली की खायची, एवढंच ठावं. वासू आपला कोट सावरत गेला निघून सुप्याला, न् त्यो प्रश्न ठेवून गेला आमच्या ओटीवर. तवापास्नं त्या मानसाला चैन न्हाई. जेवताना घास हातात धरून बसत्यात नि म्हनत्यात, “अगं, आपन अजून किती वर्सं जगू?”

म्हनलं, “मला काय ठावं?”

“न्हाई, अंदाज सांग. त्या मानानं ठेवाय नको?”

आता असला अंदाज कुनी सांगावा? कमी सांगावं तर नवऱ्याच्या वाईटावर, जास्त सांगावं तर त्येंची काळजी वाढतीया! मंग रोज नवीन. म्हस इकून पैसा गाठीला बांधावा काय? बरं, बांधला. पन दूध कुठलं मंग? मडक्यात घालून परड्यात पुरावा काय? रानडुक्कर उकरतंय. सुप्याच्या पोस्टात ठेवावा काय? ठेवला, पन म्हातारपनी काढाय कोन जानार, नदी उतरून? मंग म्हनले मिरी साठवू, मिरीला कीड लागत न्हाई, वर्सानुवर्सं टिकतीया. मी म्हनलं, “टिकंल हो, पन म्हातारपनी दात नसताना नुसती मिरी चावत बसायचं काय दोघांनी?” तर माझ्यावरच रागावले! पोरींकडं जाऊया म्हनलं, तर म्हनले, “जावयाच्या दारात बसून खायचं?” …म्हंजे बघा, बसून खायचं तर हाय, पन कुठं बसून, त्येचंबी नियम!

आनि एक दिस मळीवरनं आले ते तोंड उजळून. तवाच म्हनलं, रुक्मा, आता काय खरं न्हाई.

“सापडलं!” म्हनले. “सरकार आपल्याला पिंशन देत न्हाई ना? नको देऊ दे. आपलं पिंशन आपन करायचं!”

झिलू ठावं हाय न्हवं तुमास्नी? बाळीच्या लग्नात अक्षता वाटत हुता, दात पुढं आल्याला… त्योच. मालकांच्या भैनीचा पोरगा. ओढ्याच्या पल्याड ऱ्हातोय, त्येला सवताची जमीन न्हाई, बायको फुला नवीन. तर मालकांचं पिंशन असं, की मळी झिलूला द्यायची. नांगर त्येचा, पेरनी त्येची, पीकबी सगळं त्येचं. आनि झिलूनं दर पुनवेला आमच्या दारात आनून द्यायचे आठ पायल्या तांदूळ. वर मीठ, गूळ, मालकांची तंबाखू. मालक मरंस्तवर!

“मालक मरंस्तवर” म्हनल्यावर मी हळूच इचारलं, “आनि मी?”

“तू काय?”

“तुमी आदी गेला तर मी काय खाऊ?”

इचारात पडले. म्हनले, “मंग बंद. वासू म्हनत हुता, पिंशन असतंयच तसं.”

ऐकलंसा? असतंयच तसं! मी भांडून भांडून मालकांच्या मागारी माझ्या वाटनीच्या चार पायल्या मान्य करून घेतल्या. देवळाफुडं चार मानसं बसली, सुपारी फुटली, झिलूनं नारळावर हात ठेवला. म्या आपलं इचारलं, “पायली शिगोशीग का सपाट?” तर सगळी बाप्पेमानसं माझ्याकडं अशी बघाय लागली जशी काय मी देवाच्या पालखीचंच माप काढलं! मालक म्हनले, “घरातल्या घरात शीग काय बघतीस!” झिलूनं दात काढले. झालं. सपाट!

आनि ह्येच्या वरची गोष्ट ऐका. घरात कनगी हुती की भरलेली! गेल्या सालचं भात, मी सवता सारवून, कडुलिंबाचा पाला घालून ठेवलेलं. म्हनलं, ह्ये हाय तवर झिलूला आताच कशाला तरास? पुढच्या पिकापास्नं देऊ दे. तर मालक म्हनले, “छ्या! आपल्याच कनगीतनं काढून खाल्लं तर त्ये पिंशन कसलं? दुसऱ्यानं आनून द्याय पायजे!” आनि तुमास्नी सांगते, ती भरली कनगी आमी रिकामी केली न् सगळं भात झिलूच्या घरात नेऊन टाकलं. टाकलं कुनी? मी! डोस्क्यावर बुट्ट्या घेऊन, ओढा उतरून! का? तर त्येनं त्येच भात कांडून आमाला दर पुनवेला आनून द्यावं म्हनून! फुला दारात उभी, म्हनती, “मामी, दमली असशील, बस की जरा.” मला वाटलं बुट्टी घालावी तिच्याच डोस्क्यात!

मंग चालू झालं. बसून खायचं!

पैल्या दिशी मालक उजाडताना उठले, सवयीनं कांबळं घेतलं, दारापतूर गेले, न् तिथंच थांबले. मागं फिरले. धुतलेलं धोतर नेसले, ओटीवर घोंगडी टाकली, बसले. मला म्हनले, “बसलो गं!” जसं काय मी आतनं इचारत हुते! मी म्हनलं बसा. कोंबडी दारातनं गेली, तिच्याकडं बघितलं. म्हस रवंथ करत हुती, तिच्याकडं बघितलं. म्हशीनं त्येंच्याकडं बघितलं. अजून न्ह्यारीबी झाली न्हवती, न् मालक सैपाकघरात!

“अगं, जाळ मोठा हाय.”

म्हनलं, “भाकरीला लागतोय.”

“लाकूड आडवं घाल. उभं घातलं तर भराभरा जळतंय.”

तीस-पस्तीस वर्सं मी चूल पेटवतीया! ह्या चुलीवर दोन बाळंतपनं काढली, पोरींची लग्नं काढली, आनि आता मला लाकूड आडवं घालाय शिकिवत्यात! मंग मिरच्या किती घालतीस. मंग तांदळाचं पानी कुठं वततीस. मंग उतरंडीची मडकी सगळी खाली काढली, ल्हान-मोठी लावली, म्हनले, “आता कसं दिसतंय?” दिसतंय झ्याक हो, पन मीठ कुठाय? ते दोन दिस सापडलं न्हाई! दोन दिस अळनी पेज खाल्ली आनि वर म्हनत्यात, “तुला हात आखडता झालाय मिठाचा.”

आनि मी पान्याला निघाले तर, “थांब, मीबी येतो.” बाईमानसांच्या पानोठ्यावर! मी म्हनलं नको, तर म्हनले, “बसून बसून पाय आवघडले.” तिथं धा-बारा बायका, कुनी लुगडं वर खोचल्यालं, कुनी न्हातीया, न् ह्यो मानूस वरनं सांगतोय, “भांडी वाळूनं घासा, राख पान्याला खराब!” अय्यो, काय ती पळापळ! अनुसया माझ्या शेजारची, लई गुनाची बाय, तिनं मला बाजूला घेतलं न् म्हनली, “रुक्मा, तुझ्या मालकाला घरात ठेव, न्हाईतर तुझ्या वाटचं पानी तू येगळीकडनं भर.” आता घरात ठेव म्हनती! घरात ठेवून तर ह्ये झालंय!

पुनव आली. मालक सकाळपास्नं पटका बांधून तयार. झिलू पाटी घेऊन आला. हेनी उभ्यानं घेतली, कपाळाला लावली, आतमदी हाक मारली, “अगं, पिंशन आलं!” सगळ्या आळीला ऐकू गेलं. एक दाना तोंडात टाकला, चावला, न् डोळे मिटून म्हनले, “बघ, किती गोड लागतोय. बसून खाल्ल्याची चवच येगळी.” …अहो, माझ्याच कनगीतला तांदूळ त्यो! माझ्या डोस्क्यावरनं ओढ्याच्या पल्याड गेला न् झिलूच्या डोस्क्यावरनं परत आला, मधल्यामधी दोन पायल्यांची तूट झाली, न् ह्येंना चव आली!

बरं, मी म्हनलं, जाऊ दे, मानूस खूश तर हाय. पन मिरगाचा पाऊस लागला, लावनी जवळ आली, आनि ह्येंचं चित्त उडालं. ओटीवर बसायचं पन मान ओढ्याकडं. एक दिस म्हनले, “नुसतं बघून येतो. लांबनं.” गेले. दिस मावळताना आले ते मांडीपतूर चिखल! म्हनलं, “लांबनं बघितलं व्हय?” तर म्हनले, “झिलूनं बांधाला भोक ठेवलंय, पानी सगळं खालच्या मळीत. एवढं बुजवलं न् आलो.” दुसऱ्या दिशी भोक दुसरीकडं. तिसऱ्या दिशी न सांगताच गेले. आनि बायांनो, तुमास्नी काय सांगू, माझं घर मला परत गावलं! मी चूल पेटवली, लाकूड उभं घातलं, चांगलं भराभरा जळू दिलं! मीठ जिथल्या तिथं ठेवलं. दुपारी जरा लवंडले, तर पावसाचा आवाज ऐकू आला. किती दिसांनी ऐकला! तवर पाऊसबी ह्येंच्या आवाजाखाली पडत हुता.

सुख सोसंल तर काय! आठ-धा दिसांनी झिलू दारात. एकटा. त्येचं तोंड बघून मला वाटलं, फुलाचं काय झालं का?

“मामी, मामाला आवर!” म्हनला, रडायचाच बाकी. “मी नांगर धरला की म्हनत्यात, दाब! दाबला की म्हनत्यात, एवढा दाबत्यात व्हय? बैलाला ‘हो’ म्हनलं तर म्हनत्यात, तसं न्हवं, पोटातनं म्हन! फुला सकाळपास्नं वाकून लावनी करतीया न् मामा मागनं तिनं लावलेली रोपं उपटून परत लावत्यात! फुलानं रात्री मला इचारलं, लगीन मी तुमच्यासंगं केलं का मामासंगं? जेवाय बसलो की म्हनत्यात, इतक्यात? मामी, मी तुला पाया पडतो, आठाच्या नऊ पायल्या देतो म्हैन्याला, पन मामाला घरात ठेव!”

मी त्येला पान्याचा तांब्या दिला. आनि तेवढ्यात मागनं मालक! सगळं ऐकलेलं. मला वाटलं आता पेटतंय, आता झिलूला धरून हानत्यात, मळी परत घेत्यात… मनातल्या मनात म्हनलं, घ्या, घ्या! तर ह्यो मानूस पुढं आला, झिलूच्या खांद्यावर हात ठेवला, न् माझ्याकडं बघून म्हनतोय काय? “ऐकलंस? पिंशन वाढलं! चार म्हैन्यांत वाढलं! वासूचं वाढलंय काय?”

आता काय करावं, सांगा. एका पायलीपायी मळीवर जानार न्हाई म्हनून कबूल झाले. परत घोंगडी, परत ओटी. बसून खायचं!

आनि आता पाऊस. आमच्याकडचा पाऊस तुमास्नी सांगाय नको, एकदा दार लावलं की दिवाळीकडं उघडायचं. आत धूर, म्हस, कोंबड्या, मी आनि मालक. पैले काही दिस बोलले. लाकूड आडवं, मिरच्या, मडकी, सगळं बोलले. मंग हळूहळू बोलनं कमी झालं. तुमी म्हनाल, बरं झालं! मलाबी तसंच वाटलं, पैल्यांदा. पन मंग ताटात पेज तशीच उरू लागली. एवढा खानारा मानूस, तीन वाडगी पितोय, त्यो एकच वाडगं पिऊन ताट सरकवाय लागला. म्हनलं, “काय झालं? बरं न्हाई?” तर म्हनले, “बसून खायचं खरं, पन बसून भूकच लागत न्हाई गं.”

एक दिस पाऊस जरा उघडला हुता. मी मागल्या दारी गेले तर मालक तिथं उभे, ओढ्याकडं तोंड करून. तिकडनं झिलूचा आवाज येत हुता, बैलाला ‘हो हो’ करतोय. मालकांनी मला हात दाखवला. तळवा. म्हनले, “बघ. घट्टे चालले.” मी बघितलं. खरंच, कातडं सोलून निघत हुतं, न् खाली ल्हान पोराच्या हातासारखं मऊ. मला हसू याय पायजे हुतं. न्हाई आलं. चाळीस वर्सं नांगर धरून जमवलेलं त्येंनी त्ये… दुसरं काय जमवलं हुतं? मी त्यो हात पदरात पुसला, उगंच, वला नसताना. आनि तितंच ठरवलं, आता ह्येचं काय तरी कराय पायजे. ह्येंच्यासाठी कराय पायजे, आनि खरं सांगायचं तर माझ्यासाठीबी!

दुसऱ्या दिशी दुपारी फुलाची चाळन परत द्यायला म्हनून गेले ओढ्याच्या पल्याड. झिलू जेवत हुता. म्हनलं, “झिलू, ती वरची पायली मला नको. मामाला मळीवर येऊ दे.”

झिलूनं फुलाकडं बघितलं. फुलानं मान हालवली, अशी, न्हाई म्हनून. झिलू म्हनला, “मामी, ती पायली न द्येऊन माझं काय भागतंय? कानाला तरास किती!”

“मंग?”

“अजून एक सोड.”

बघा! आठाच्या झाल्या नऊ, नवाच्या झाल्या सात! मी म्हनलं, “गाढवा, माझ्याच कनगीतलं भात, माझीच मळी, माझाच नवरा!” तर दात काढून म्हनतोय, “म्हनून तर मामी तुला सवलतीत सांगतोय. दुसऱ्याचा मामा असता तर मी तीन पायल्यांखाली घेतला नसता.” आनि फुला? आत गेली न् माझ्यासाठी गुळाचा खडा घेऊन आली, जसं काय सोयरीकच ठरली! म्हनती, “पन मामी, रोपं उपटायची न्हाईत म्हनून सांगशील?” आता ह्ये मी कसं सांगनार? मामाला तर ह्येतलं काय कळाय नको. तर ठरलं असं, की पुनवेला झिलू मामाच्या फुड्यात नऊच पायल्या आननार, शीग घालून, थाटात! आनि दुसऱ्या दिशी मालक मळीवर गेले की मी दोन पायल्या पदराखाली घालून फुलाला परत देनार. अय्यो, स्वताच्या घरात चोरी करून दुसऱ्याच्या घरात पोचवायची! देवानं हे दिस दाखवले!

पन झिलू वस्ताद. त्याच सांजंला आला पळत, डोस्क्यावर इरलंबी न्हाई, “मामा, मामा, वरचा बांध गेला! मला काय सुचंना, तुमीच चला!” खोटं, सगळं खोटं! पन मालकांचं तोंड बघायला पायजे हुतं तुमी. उठताना मला म्हनले, “मी म्हनत हुतो की न्हाई? पोरास्नी जमत न्हाई गं.” आनि गेले की ताठ, पंचविशीच्या गड्यासारखे. त्या रात्री तीन वाडगी पेज प्याले, चौथं मागितलं.

तवापास्नं रोज जात्यात. आता भात निसवाय आलंय, तर मळीतल्या माळ्यावर बसून डुकरं हाकलत्यात, तेबी झिलूचं काम, झिलू घरात लोळतोय. आनि सांजंला येऊन मला सांगत्यात, “आपन केलं ते लई शानपनाचं केलं. वासूला सरकारच्या दारात हुभं ऱ्हावं लागतंय. आपल्याला घरपोच. बसून खायचं!” चिखल धुताना म्हनत्यात ह्ये, पाय खरवडताना! मी म्हनते, “व्हय.” दुसरं काय म्हनू?

पन पोट खोटं बोलत न्हाई ना! राबनारा मानूस खानार दुप्पट, आनि मडक्यात सातच पायल्या. पुनव आठ दिस लांब असतानाच मडक्याचा तळ खरवडाय लागते. मी माझ्या पेजंत पानी वाढवलं. मंग फनसाच्या आठळ्या उकडल्या, रानातले कंद उकडले, म्हनलं ह्ये औषधी असत्यात. मालक बसले एक दिस मडक्यात डोकावून. डोकावून वर बघितलं, परत डोकावले.

“पिंशन वाढलंय,” म्हनले, “खानारी मानसं तीच. मंग तांदूळ जातोय कुठं?”

काय सांगू? खरं सांगावं, की तुमचाच तांदूळ देऊन तुमालाच कामाला लावलंय? त्या मानसाचा सगळा ताठा जिरला असता. तोंडातनं निघून गेलं. म्हनलं, “उंदीर.”

“उंदीर?”

“व्हय. लई झालेत.”

“तू बघितलास?”

“एक बघितला. मोठा हुता.” आता सांगाय लागले म्हनल्यावर ल्हान कशाला सांगू? “मांजराएवढा!”

मालकांनी मडक्यावर झाकन ठेवलं, झाकनावर धोंडा ठेवला. त्या रात्री उंदराचं नावबी काढलं न्हाई. मला वाटलं, गेलं एकदाचं. आनि काल मी हिकडं बारशाला निघाले, पिशवी भरली, बाळीला लाडू घेतले, म्हनलं, “येताय न्हवं?” तर म्हनले, “तू जा. मला सवड न्हाई.” म्हनलं, व्हय, मळीवर डुकरं येत्यात, खरं हाय. तर म्हनले, “मळीवर न्हाई जात. झिलूला सांगून आलोय. म्हनलं, घरात उंदीर झालाय, आमचं पिंशन खातोय, त्येला धरल्याबगार मी घराभाईर पडनार न्हाई. लई खूश झाला पोरगा! म्हनला, सावकाश धरा मामा, घाई न्हाई.”

आनि मी दारातनं मागं वळून बघितलं, तर मडकी सगळी खाली, चुलीची माती उकरलेली, मीठ कुठंच दिसंना, न् मालक मधोमध काठी घेऊन बसलेत! पक्के! दिवाळी येऊ दे न्हाईतर संक्रात येऊ दे, उंदीर धरंस्तवर तितनं उठनार न्हाईत म्हनाले…

आता सांगा बायांनो, सापडंल त्यो? असता तर सापडला असता की हो!